वादळवीराचं रक्त

"मुलाला टोचायचं असेल तर टोचणार म्हणून सांगावं. खोटं बोलून टोचू नये," जुन्या मोठ्या सिस्टरांनी वॉर्डातल्या या सिस्टरला नवी असताना बजावलं होतं. "सुईचं दुखणं दोन मिनिटांचं. खोट्याचं दुखणं कधी वर येईल, सांगता येत नाही."

आज ते वर आलं होतं.

ठकी पलंगावर मांडी ठोकून बसली होती आणि दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले होते. वय सात. तिच्या अंगात रक्त टिकत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागे. आज तर ओठांचा रंग पार उडाला होता. शीतपेटीतून पिशवी काढून दहा मिनिटं झाली होती. अर्ध्या तासात लावली तर लावली, नाहीतर फेकायची. आणि तिच्या गटाची दुसरी पिशवी आज मिळणार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी हीच ठकी लाल पिशवी पाहून किंचाळायची. तेव्हा सिस्टरने तिच्या कानात सांगितलं होतं, की हे वादळवीराचं रक्त आहे. टीव्हीवरचा वादळवीर, निळ्या मुखवट्याचा, ढगांना लाथा घालत उडणारा. तो गुपचूप खिडकीतून येतो आणि पिशवी भरून देऊन जातो. मात्रा लागू पडली. ठकी आपणहून हात पुढे करू लागली, रक्त चढवून झालं की काडीसारखा दंड फुगवून दाखवू लागली. सिस्टरला वाटलं, एवढ्याशा खोट्याने देव काही रागवायचा नाही.

आणि काल टीव्हीवर वादळवीर हरला. बळ संपून शत्रूपुढे गुडघ्यांवर कोसळला. बाकीची मुलं हळहळली आणि खेळायला गेली. ठकी जेवली नाही.

"माझ्यामुळे पडला तो," ती म्हणाली. "सगळं मीच घेतलं त्याचं. मला नको आता."

दर वेळी तिला घेऊन येणारी आत्या शेजारीच होती. तिने आमिषं दाखवून पाहिली, डोळे वटारून पाहिले. शेवटी म्हणाली, अगं, त्याच्याकडे रक्ताची विहीर आहे, ती आटत नाही. मग पडला कशाला, असं ठकीने विचारलं आणि आत्याने सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टरने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. मग खुर्ची ओढून खरं ते सांगितलं. वादळवीराने कधीच रक्त दिलं नव्हतं. देतात ती माणसं. बस चालवणारी, पाव भाजणारी, शाळेत शिकवणारी. ती नाव सांगत नाहीत, कोणाला मिळालं ते विचारत नाहीत. घोटभर सरबत पितात आणि आपापल्या कामाला जातात.

ठकी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. एकदा फसवून गेलेला माणूस पुन्हा दारात आला की त्याच्याकडे बघतात, तसं तिने बघितलं.

"मग दाखवा," ती म्हणाली.

पंधरा मिनिटं उरली होती. सिस्टरने तिला कडेवर उचललं, आत्या मागोमाग निघाली.

रक्तदानाची खोली त्याच ओळीत शेवटची. ठकीने दारातून एकेकाला निरखलं. एका खुर्चीत भुवयांना पीठ लागलेला पाववाला चक्क घोरत होता. शेजारच्या बाई हाताला नळी लावलेली असताना फोनवर कोणाला तरी दूध उतू घालवल्याबद्दल झापत होत्या. मुखवटा कोणालाच नव्हता. ठकीचं तोंड उतरलं.

तिसऱ्या खुर्चीतला माणूस दरवाजाएवढा होता. गोदामात पेट्या उचलायचा. तो रक्त न देताच खुर्चीतून उठून आपले बूट शोधत होता, आणि सोबत आलेला मित्र हसून बेजार झाला होता. अरे, डासांना रोज फुकट पाजतोस, मग इथेच काय झालं? डास आधी दाखवून टोचत नाही, तो कपाळ पुसत म्हणाला. पुढच्या वेळी नक्की, असं सांगून त्याने एक बूट चढवलासुद्धा.

ठकी कडेवरून खाली उतरली. दम लागत होता, म्हणून सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेली.

"पहिल्यांदाच का?" तिने विचारलं.

त्या धिप्पाड माणसाने मान डोलावली.

मग ठकीने त्याला नीट समजावलं. मूठ आवळायची, दात आवळायचे नाहीत. पायाची बोटं हलवत राहायची, कारण बोटं हलवताना माणसाला धड घाबरता येत नाही. लागतं, पण आधी वाटतं तेवढं नाही. तुला गं कसं माहीत, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने बाही वर करून कोपराच्या घडीतल्या खुणा दाखवल्या. तो मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

पाववाला जागा झाला होता. बाईंनी फोन ठेवला होता.

"तुम्ही द्या," ठकी म्हणाली. "तुम्ही दिलंत तर मीपण घेते. शपथ."

तो बसला. डोळे घट्ट मिटून त्याने हात पुढे केला. मोज्यातली बोटं हलायला लागली. सुई आत गेली, नळी लाल झाली. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, आणि ठकी त्या घामाकडे डोळे मोठे करून बघत होती. वादळवीराला घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

सिस्टरने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. ती ठकीला उचलायला वाकली, पण ठकी खोलीबाहेर पडलीसुद्धा होती. दर चार पावलांवर थांबून श्वास घेत होती. आत्या लगबगीने पुढे झाली, अगं ये कडेवर, म्हणाली.

"नको. तो काका माझ्या भरवशावर बसलाय तिकडे," ठकी हळूच म्हणाली, आणि भिंतीला हात टेकत आपल्या पलंगाकडे निघाली.