मेणाची बाई

"पाय, डोळे, किडनी... कुठला देऊ?" चर्चबाहेर नवसाचे मेणाचे अवयव विकणाऱ्या मावशीने विचारलं.

"मेंदू आहे? बायको माझ्यासाठी वाहील," मी म्हटलं. मावशी हसली. सबिना हसली नाही. तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट उद्या येणार होता आणि चारचौघांत तो अवयव मागायची तिला लाज वाटत होती.

मी मेणाची अख्खी बाईच उचलली. "ही द्या. मरियामातेला सांगतो, तुकड्यातुकड्यांनी नको, मला सगळीच हवी." बोलता बोलता माझा आवाज फाटला. मी बाहुली छातीशी घट्ट धरली.

सबिनाने ती अलगद काढून घेतली.

"मावशी, एक हृदय पण दे," ती म्हणाली. "गाठ माझ्या छातीत आहे, पण घाबरून मरायला हाच टेकलाय."