लिटरमागे अठरा

गॅरेजवाल्यानं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, तुमची नळी लावून लिटरला चौदा किलोमीटर. नळी काढून चौदा. दोन्ही वेळा मीच चालवली."

निवृत्त टर्नरला ते पटेना. इंजिनात जाणारी हवा आधीच गरम करणारी ती तांब्याची नळी त्यानं स्वतः वळवली होती, जोड स्वतः झाळले होते. बायकोला उपचारांसाठी दर आठवड्याला साठ किलोमीटरवरच्या इस्पितळात न्यावं लागायचं. एरवी रिकामपण खायला उठायचं, म्हणून त्यानं हा उद्योग काढला. निघताना टाकी काठोकाठ भरायची, परतल्यावर पुन्हा काठोकाठ. बायको शेजारच्या सीटवर, कमरेमागे उशी घेऊन, वहीत नोंद करायची. जन्मभर शाळेत कारकुनी केलेली बाई. किलोमीटर, लिटर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, सगळं रेघा मारून.

चौदाचे पंधरा झाले, मग सोळा. मागच्या खेपेला अठरा. त्या घरात कित्येक महिन्यांत दुसरी चांगली बातमीच नव्हती. डॉक्टरांनी "दुखतंय का?" विचारलं की ती "नाही, बरं आहे" म्हणायची आणि जिना उतरता उतरता नवऱ्याला विचारायची, "आज वाढेल का हो?" आता एकदा परक्या हातून खात्री करून घ्यावी, म्हणून त्यानं गाडी दोन दिवस इथं सोडली होती.

"अठरा आलेत." त्यानं वही पुढे केली. "बघ. तिच्या हिशोबात चूक सापडायची नाही."

गॅरेजवाल्यानं पानं उलटली. त्याचं बोट वेळेच्या रकान्यांवर थांबलं.

"चूक नाहीच. पण पहिल्या खेपेला तुम्ही तासाभरात पोचलात. मागच्या खेपेला पावणेदोन तास. इतक्या हळू चालवली तर कुठलीही गाडी जास्त ॲव्हरेज देणारच. रस्ता खराब झालाय का?"

"रस्ता तोच आहे," टर्नर म्हणाला.

त्यानं वही परत घेतली. तास. एक तास दहा. सव्वा. दीड. पावणेदोन. हळू चालवायचं असं त्यानं एकदाही ठरवलं नव्हतं. तो बाकावर बसला. गॅरेजवाल्यानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. टर्नरनं खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला.

"ती सांगते त्यावर जाऊ नका," तो म्हणाला.

"का? त्रास वाढलाय का?" डॉक्टरांनी विचारलं. "काही म्हणाल्या का त्या?"

"काहीच म्हणत नाही. गाडीला जरा धक्का बसला की दाराची मूठ घट्ट धरते. आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर येतो. मला वाटलं, नळी काम करतेय."