रक्त ओझरला कसं गेलं?

ओझरच्या जावयाचा खून झाला आणि पोलिसांनी सासऱ्याला, म्हणजे सातपूरच्या पुंजाआबांना, भर कामावरून उचललं. सुरीच्या मुठीवर लागलेलं मारेकऱ्याचं रक्त डीएनए तपासणीत आबांशी तंतोतंत जुळलं होतं.

“आईशप्पथ साहेब, मी ओझरला फिरकलोच नाही!” आबा काकुळतीला आले.

“मग रक्त काय एकटंच एसटीत बसून गेलं, आबा?” इन्स्पेक्टर म्हणाले, तसे हवालदारही फिदीफिदी हसले.

आबांना मात्र एकदम आठवलं. लेकीच्या ब्लड कॅन्सरात त्यांनी स्वतःचा बोनमॅरो दिला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “आता हर्षालीच्या अंगात जन्मभर तुमचंच रक्त तयार होणार.”

 

“लिहून घ्या, साहेब,” आबांनी डोळे पुसले, “जावयाला मीच मारलं.”