रॅमची पट्टी

ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि महिनाभर तिचा कॉम्प्युटर रडतखडत चालला होता. नकाशा उघडला की हँग व्हायचा. आज तर नकाशे जमा करायची मुदत डोळ्यांदेखत उलटून गेली. "ताई, तुलाच वापरता येत नाही," असं धाकटा भाऊ रोज हिणवायचा आणि ती कॉम्प्युटर पुन्हा चालू करून कामाला लागायची.

शेवटी चिडून तिनं स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत सगळीकडे धूळ होती, फक्त रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन खाचांपैकी एक स्वच्छ आणि रिकामी. तिनं स्वतःच्या हातांनी बसवलेली पट्टी कुणीतरी काढून नेली होती.

ती तरातरा भावाच्या खोलीत गेली. त्याचा गेम वाऱ्यासारखा पळत होता.

"चोरा! वर्ष बुडालं माझं तुझ्यामुळे!"

आरडाओरडा ऐकून आई धावत आली. "त्याच्यावर कशाला ओरडतेस? त्याची गेमची स्पर्धा होती, म्हणून मीच म्हटलं, घे काढून."

"आणि माझे नकाशे?"



"तुझं काय गं, तू कशातही भागवून घेतेस."