तेलाचे ओघळ

मिरज स्टेशनामागच्या त्या दोन खोल्यांत सकाळ थेट येत नसे. आधी ती समोरच्या मालधक्क्याच्या पत्र्यावर उतरे, तिथे काही वेळ रेंगाळे, आणि मग पत्र्यावरून परतलेला फिकट उजेड खिडकीच्या गजांतून आत येई. भिंतीवरच्या खुंटीवर, मग पाण्याच्या हंड्यावर, आणि सर्वांत शेवटी जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर. सोपान त्या शेवटच्या उजेडाची वाट पाहत बसला होता. दिव्याखाली काळा रंग फसवतो, हे त्याला तीन महिन्यांत कळले होते.

वर्तमानपत्रावर हातभर लांबीचे वाफेचे इंजिन उभे होते, तुपाच्या डब्यांच्या पत्र्यातून घडवलेले. पुण्याकडची छोटी लाइन जाऊन चार वर्षे झाली होती. त्या लाइनीवरचे हे त्याच्या वडिलांचे, आप्पांचे इंजिन. ते करायला दोन महिने लागले आणि मळवायला तिसरा. नव्या कोऱ्या रंगात ते जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसे. मग त्याने चुलीची काजळी रॉकेलमध्ये कालवली, शिलाई मशीनच्या तेलात गेरू मिसळला, खराट्याच्या हिराने चाकांच्या दांड्यांवर तेलाचे ओघळ ओढले, बॉयलरच्या कडेने चुन्याच्या पाण्याची पांढरी रेघ सोडली. आता ते खरे दिसत होते. नऊ वाजता सोपानच्या कचेरीतला बाळासो ते सांगलीच्या प्रदर्शनासाठी न्यायला येणार होता. हे इंजिन आप्पांनी चालवले, असे त्याने बाळासोला आधीच सांगून टाकले होते. बाळासो येण्याआधी आप्पांनी एकदा मान डोलवावी, एवढेच सोपानला हवे होते.

आप्पा तोंड धुऊन आले. उकिडवे बसून त्यांनी आधी इंजिनाचा वास घेतला.

“वास बरुबर हाय,” ते म्हणाले.

सोपानला वाटले, पसंत पडले. आप्पांनी मात्र दोरीवरची जुनी चिंधी ओढली, बोटाभोवती गुंडाळली आणि पुढच्या चाकाची मागची बाजू पुसायला घेतली. महिनाभराचा गंज दोन फेऱ्यांत चिंधीवर आला. सोपान घाईने म्हणाला, की हा मळ मुद्दाम केला आहे, इंजिन खरे वाटावे म्हणून.

“तेल गळायचंच, न्हाई कोण म्हनतंय? पर आमी ते ऱ्हाऊ देत न्हवतो. असं मळकं इंजान शेडातनं भाईर गेलं असतं, तर मुकादमानं माझीच पाठ पुसली असती.”

ते स्वतःशीच हसले. साहेब पांढरा रुमाल घेऊन यायचा आणि नेमका चाकाच्या मागून फिरवायचा, म्हणून मागची बाजू आधी, असे त्यांनी हात न थांबवता सांगितले. सोपानने त्यांचा हात धरला नाही. ओघळ एकेक करून जात होते आणि खालचा काळा रंग वर येत होता, पण आता तो खेळण्यासारखा दिसत नव्हता. त्यावर उजेड वेगळ्याच तऱ्हेने थांबत होता.

पुसत पुसत आप्पा वरच्या खोपटीपाशी आले. आत ड्रायव्हरच्या जागेवर बोटाच्या पेराएवढा लाकडी माणूस बसला होता. त्यांनी तो दोन नखांत धरून खिडकीकडे नेला. डोक्याला लाल पटका, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग.

“ह्यो मी?”

“व्हय, आप्पा.”

आप्पांनी चिंधीच्या कोरड्या टोकाने त्या माणसाचे तोंड हलकेच पुसले आणि त्याला पुन्हा वर, होता तिथेच ठेवले. फक्त त्याचे अंग थोडे वळवले.

“डायवर समोर बघत न्हाई,” ते म्हणाले. “भाईर वाकून बघतोय. नीट बसीव.”

तेवढ्यात दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला. बाळासो आत आला, इंजिनापुढे वाकला आणि एका अंगाची चकाकी, दुसऱ्या अंगाचा मळ पाहून गोंधळला. मग आप्पांकडे वळून आदराने म्हणाला, “काका, किती वर्षं चालवलं तुम्ही हे?”

आप्पांनी मान वर केली नाही. ते मागच्या चाकाशी खाली वाकले, जणू काही ऐकलेच नव्हते, आणि उत्तराची जागा त्यांनी मुलासाठी मोकळी सोडली. चिंधी चाकावर गोल गोल फिरत राहिली.

“आप्पांनी इंजिन कधीच चालवलं नाही,” सोपान म्हणाला. “ते पुसायला होते.”