नांगराचा दोर

ह्युबर्टने तुळईला दोराची गाठ मारली, ती पक्की. आयुष्यभर होडीवर राबलेल्या माणसाची गाठ होती. ती सुटणे शक्य नव्हते. चूक नेमकी तिथेच झाली.

त्याची सून लिनेट सकाळपासून कळा सोसत होती. इस्पितळातील सिस्टरने फोनवर सांगितले होते, की कळा अजून लांब आहेत, तोवर घरीच चालत राहा, घोट घोट पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. कळा जवळ आल्या की लगेच निघा. शेजारच्या कॉलिनची रिक्षा दाराशी उभी होती. होईल तितके आपल्या बळावर, वेदना थांबवणाऱ्या सुईशिवाय सोसायचे, असे लिनेटने ठरवले होते. नवरा डॅरेन तिच्याबरोबर बाळंतपणाच्या वर्गाला जाऊन श्वास घ्यायला शिकला होता. आज तो समुद्रावर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

सासू मॅबेल तिच्या कंबरेवर गरम मिठाची पुरचुंडी फिरवत होती. परंतु संधिवाताने वाकलेल्या बोटांत कंबर दाबून धरण्याइतका जोर उरला नव्हता. जोर होता तो ह्युबर्टच्या हातांत. मात्र सासऱ्याने सुनेच्या कंबरेला हात लावावा, हे त्या घरात कोणाच्या मनातही आले नसते. म्हणून मॅबेलनेच दोराचे काढले.

"माझी आई दोराला धरूनच बाळंत व्हायची," ती म्हणाली. "ओढायला काहीतरी हवं हाताशी."

लिनेटने दोर नाकाशी नेला. "मासळीचा वास येतोय ह्याला."

"मग? कोळ्याच्या घरात येणारच तो. त्याला गुलाबपाणी शिंपडू?"

लिनेट हसली, आणि हसतानाच कळ आली. तिने दोर सर्व शक्तीनिशी ओढला. दोर तसूभरही हलला नाही. झटका उलट तिच्याच खांद्यात बसला, मोजून मापून सोडायचा श्वास मधेच तुटला, आणि कळ ओसरल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली.

"भिंतीला ओढल्यासारखं वाटतंय, मम्मी. मला नाही जमणार. डॅरेन असता तर जमलं असतं."

मधली भिंत छपरापर्यंत पोहोचत नव्हती. ओटीवर बसलेल्या ह्युबर्टला हे सर्व ऐकू आले. तो आत आला, सुनेकडे न पाहता तुळईकडे नजर लावून स्टुलावर चढला आणि आपली गाठ सोडू लागला.

"आता काय करताय?" मॅबेलने विचारले.

"नांगराचा दोर आखूड बांधला की लाटेबरोबर तुटतो. आखूड बांधला मी."

त्याने दोराचे एक टोक लिनेटच्या बाजूला तसेच ठेवले आणि दुसरे तुळईवरून भिंतीपलीकडे, ओटीवर टाकले. मग बाहेर जाऊन तो भिंतीला पाठ लावून बसला. दोराचा एक वेढा त्याने तळहाताभोवती घेतला.

"ओढ आता, पोरी."

"पप्पा, तुम्ही पडाल."

"दर्यानं पाडलं न्हाय मला. तू काय पाडतेस."

पुढची कळ आली तेव्हा दोर प्रथम जड झाला, मग ताणला गेला. ह्युबर्टने तो थोडा सोडला, मग धरला, आणि पलीकडची पकड ढिली पडू लागताच सावकाश आत घेतला. भिंतीपलीकडे एक दीर्घ श्वास अखंड बाहेर पडला. अलीकडे, नकळत, दुसरा.

त्यानंतर कळ येते आहे, हे मॅबेलच्या आधी त्याला कळू लागले. "आली हाय," तो बाहेरून म्हणे. "धर... आता सोड. सोड सगळं." भरतीच्या पाण्यावर होडी जशी नांगराला धरून वर जाते आणि खाली येते, तशी दुपार सरत होती.

"पप्पा, मधे चहा तरी घ्या," आतून लिनेट म्हणाली.

"आधी त्यांचं बाळंतपण होऊ दे," मॅबेल म्हणाली.

मग दोराला विसावा मिळेनासा झाला. ह्युबर्ट उठला. "मॅबेल, तिला उभी कर. लाटा जवळ आल्या. निघायचं."

रिक्षात दोघी मागे बसल्या, ह्युबर्ट पुढे कॉलिनच्या शेजारी. दोर त्याच्या खांद्यावरून मागे गेला होता.

"अंकल," कॉलिन म्हणाला, "माझी रिक्षा ओढून नेताय काय?"

"तू पुढे बघ."

भाईंदरच्या इस्पितळापर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. खांद्यावरचा दोर ताणला की तो हात सैल सोडी.

प्रसूतिगृहाच्या दाराशी सिस्टरने लिनेटच्या मुठीतून दोर हळूच काढून घेतला. "हे आत नाही चालणार, ताई." मॅबेल सुनेबरोबर आत गेली. दार बंद झाले.

ह्युबर्ट बाकावर बसला. हातांना दुसरे काही सुचेना, म्हणून दिवसाचे काम संपल्यावर गुंडाळतात तसा त्याने तो दोर व्यवस्थित गुंडाळला आणि मांडीवर ठेवला. तळहातावर लाल वळ उमटला होता.

काही वेळाने दार किलकिले झाले. तीच सिस्टर बाहेर डोकावली.

"बाबा, सगळं नीट चाललंय, काळजी करू नका. पण तुमची सून विचारतेय, पप्पांनी दोर सोडला तर नाही ना?"

ह्युबर्टने मांडीवरच्या वेटोळ्यावर हात ठेवला.

"न्हाय म्हणावं."

दार पुन्हा बंद झाले. त्याने वेटोळे उलगडले, एक वेढा तळहाताभोवती घेतला, आणि दुसरे टोक नेऊन बंद दाराच्या उंबऱ्यापाशी ठेवले.