उनायचं बारसं

लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात पाळणा सजला होता आणि डॉक्टर शशिकांत गाल फुगवून बसले होते. नातवाला आपल्या वडिलांचं, गोपाळ हे नाव मिळावं, एवढीच त्यांची मागणी. इथेच जन्मलेल्या त्यांच्या लेकीने, वरदाने, ती महिनाभर धुडकावून लावली होती. "बाबा, प्लीज! असलं ओल्ड-फॅशन्ड नाव मी बाळाला नाही ठेवणार." नवरा उत्तर स्पेनमधला, बास्क, म्हणून नावही बास्क ठरलं: उनाय.

"ह्या उनायला काही अर्थ तरी आहे, की नुसताच आवाज?" शशिकांतांनी शेवटी विचारलंच.

"आहे ना! काउहर्ड. म्हणजे गाईंना सांभाळणारा," वरदा कौतुकाने म्हणाली. "किती युनीक ना?"

ती पाळण्याकडे वळली. शशिकांत "अगं" म्हणायला गेले, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, सुप्रभाबाईंनी, त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"मुकाट्याने गिळा," त्या कानाशी पुटपुटल्या. "मामंजी बास्क पासपोर्टवर आत शिरलेत. लेकीला कळलं तर परत पाठवेल!"